पाळणा उभा राहतो तेव्हाच बघावा: नवरात्रातल्या आनंदनगरीचं परीक्षण

घटस्थापनेच्या आठवडाभर आधी ट्रक मैदानात येतात आणि पहिल्या माळेच्या संध्याकाळी सगळं मैदान झगमगतं. मधल्या दिवसांत तिकडे कुणी फिरकत नाही, पण खेळणं चांगलं की वाईट हे कळतं ते याच दिवसांत. एकदा पायाभोवती फ्लेक्स गुंडाळले, पत्र्याचं कुंपण लागलं आणि आऱ्यांवर एलईडीच्या पट्ट्या चढल्या की बोल्ट, पिना, ठोकळे सगळं झाकलं जातं. म्हणून आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी यंदा लागलेल्या आनंदनगरीचं हे परीक्षण उभारणीच्या बाजूने केलं आहे.

संचात पाच मोठी खेळणी आहेत: 50 फुटी आकाशपाळणा, कोलंबस (झुलणारी होडी), ब्रेक डान्स (फिरत्या तबकडीवरचे कप), टोराटोरा (लोखंडी हातांवर फिरत वर-खाली होणारे डबे) आणि लेकरांची ड्रॅगन ट्रेन. घाईत असाल तर निकाल आधीच घ्या. आकाशपाळणा आणि ब्रेक डान्स चांगले. टोराटोरा ठीक. पाऊस पडून गेला असेल तर कोलंबसच्या वाटेला जाऊ नका. ड्रॅगन ट्रेनमध्ये लेकरू बसवण्याआधी रूळ बघा, कसा ते खाली लिहिलं आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण मराठवाड्यात निम्मा प्रश्न तिथेच आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 2013 साली नायट्रो हा रोलर कोस्टर सुरू झाला. तसल्या कायमच्या खेळण्याचा एकेक खांब काँक्रीटच्या पायात पुरलेल्या अँकर बोल्टांवर कसलेला असतो. यात्रेतल्या खेळण्याला असा पाया मिळत नाही. बेसचे गर्डर (लोखंडी तुळया) रेल्वेच्या लाकडी स्लीपरवर, स्लीपर मातीवर, आणि मुक्काम संपला की सगळं उचलून पुढच्या गावाला. त्यात आपली माती काळी, कापसाची. ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवरात्र येतं ते नेमकं परतीच्या पावसात. दुपारी कडक ऊन, रात्री आभाळ फाटल्यासारखी सर. अशा जमिनीवर पाळण्याचे चारही पाय शेवटच्या माळेपर्यंत एका पातळीत ठेवणं हे खरं कौशल्याचं काम आहे.

हिशेब अवघड नाही. 16 डब्यांत चार-चार माणसं धरली तर 64 माणसं, सरासरी 65 किलोने 4 टनांच्या वर. सांगाडा, डबे, मोटर मिळून 12 टन धरू. एकूण 16 टन, म्हणजे पायाला 4 टन. वारा आणि एका बाजूला जास्त भरलेले डबे लक्षात घेतले तर एखाद्या पायावर 5-6 टनही येतील. ओल्या काळ्या मातीवर चौरस मीटरला 5 टनांच्या पुढे भार टाकू नये, असं बांधकामातली माणसं धरून चालतात. म्हणजे प्रत्येक पायाखाली निदान सव्वा चौरस मीटर पसरट बैठक पाहिजे. ब्रॉडगेजचा जुना लाकडी स्लीपर 2.75 मीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 13 सेंटिमीटर जाड असतो. त्याची दोन्ही टोकं फारसा भार घेत नाहीत. म्हणून खाली तीन-चार शेजारी शेजारी आणि वर दोन आडवे, अशी जाळी रचावी लागते. एकच स्लीपर लांबीने टाकून त्यावर पाय ठेवलेला दिसला तर तो पाय पहिल्या पावसात खचणार हे नक्की.

या संचाच्या मिस्त्रीने इथे मन लावून काम केलं आहे. पायांच्या जागची वरची आठेक इंच माती काढून मुरूम भरला, पाणी मारून रोलर फिरवला. मुरूम भिजला तरी काळ्या मातीसारखा फुगत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही. चारही बाजूंनी फूटभर खोल चर काढून तो मैदानाच्या उताराकडे नेला. हे चराचं काम बहुतेक संचवाले टाळतात, कारण ते कुणाला दिसत नाही. पातळी पाहिली ती पारदर्शक नळीत पाणी भरून, चारही कोपऱ्यांना. पातळी मोजायच्या दुर्बिणीपेक्षा ही नळी कमी नाही, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिलेला फरक लोखंडी पट्ट्यांनी भरून काढला. एका पायाखाली मात्र प्लायवुडचे तुकडे कोंबलेले होते. प्लायवुड पाणी पितं, थर सुटतात आणि भाराखाली त्याचा भुगा होतो. दुसऱ्या दिवशी तिथे लोखंडी पट्टी आलेली दिसली, हे नोंदवलं पाहिजे.

पाय जमिनीवरच जोडून हायड्राने (चाकांवरच्या क्रेनने) उभे केले, ओळंबा धरला आणि तारांचे ताण दिले. ताणाच्या तारेची क्लिप कशी लावली आहे, हे लांबूनही दिसतं. क्लिपचा खाचांचा जाड भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू आकाराचा बोल्ट दुमडलेल्या आखूड टोकावर यायला हवा. उलटं लावलं की यू बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. 12 मिलिमीटरच्या तारेला अशा तीन तरी क्लिपा, एकमेकींपासून साधारण 7 सेंटिमीटरवर. इथे सगळ्या क्लिपा सरळ होत्या, प्रवेशद्वाराकडच्या एका ताणाला मात्र दोनच.

धुरा बेअरिंगवर बसला की आरे चढतात, आणि ते जोडीजोडीने चढले पाहिजेत: एक लावला की चाक अर्धं फिरवून समोरचा. सलग चार आरे एका बाजूला लावले तर चाक जड बाजूने आपोआप फिरतं आणि वर बसलेल्या फिटरचा हात किंवा जीव जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चाक साखळीने पायाला जखडायचं असतं. ते इथे नीट केलं. पण वर चढलेल्या पोरांपैकी एकाच्याच अंगावर सेफ्टी बेल्ट होता, आणि त्याचा हूकही बराच वेळ मोकळाच लोंबत होता. आपण दहा मिनिटं बसणार, ती पोरं दिवसभर तिथे लटकणार. याबद्दल मालकाचे गुण कापले पाहिजेत.

आता बोल्ट आणि पिना. जोडाच्या बोल्टाच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे तो जास्त ताकदीच्या पोलादाचा. प्रवासात दोन-चार बोल्ट हरवतात आणि ऐनवेळी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून साधे आणले जातात. नवे, चकचकीत, डोक्यावर काही नसलेले किंवा 4.6 लिहिलेले. जुन्या रंगलेल्या बोल्टांच्या ओळीत असा एकटा चकचकीत बोल्ट लगेच डोळ्यात भरतो. नटच्या बाहेर दोन-तीन आटे आलेले असावेत. चांगला मिस्त्री नट कसल्यावर नट आणि पत्रा दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतो. नट ढिला झाला की रेघ तुटते आणि खाली उभं राहूनही कळतं. या पाळण्याला पिवळ्या रेघा होत्या. मराठवाड्यातल्या यात्रांत ही गोष्ट क्वचित दिसते.

डबे ज्या पिनांवर लोंबतात तिथे जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. अंगठ्याएवढ्या जाडीची पिन, तिच्या टोकाला आरपार भोक, त्या भोकात फाट्याची स्प्लिट पिन आणि तिचे दोन्ही पाय बाहेरच्या अंगाला वळवलेले. 16 डब्यांना प्रत्येकी दोन, म्हणजे 32 जागा. त्यातल्या दोन ठिकाणी स्प्लिट पिनेऐवजी बांधकामाची बारीक बाइंडिंग तार पिळून घातलेली होती. अशी तार दिवसभराच्या हेलकाव्याने तुटते, मग मोठी पिन इंचाइंचाने बाहेर सरकते. बाजारात काही रुपयांना मिळणारी ही वस्तू डब्यातल्या चार माणसांना धरून ठेवते. उद्घाटनाच्या आधी त्या दोन्ही तारा बदलल्या होत्या. तुमच्या गावात पाळणा लागला तर डबा खाली आल्यावर पहिलं लक्ष इथे द्या, पाच सेकंद पुरतात.

चाचणी योग्य झाली. आधी रिकामं चाक फिरवलं, मग सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून डब्यांत टाकली. अशी गोणी साधारण 50-55 किलोची होते. खरी कसोटी एका बाजूच्या भाराची: सलग चार-पाच डबे भरायचे, बाकीचे रिकामे, आणि जड बाजू वर चढताना ब्रेक मारायचा. चाक मागे सरकलं नाही तर ब्रेक खरा. शिवाय वीज गेली की ब्रेक आपोआप लागला पाहिजे, म्हणजे स्प्रिंगने दाबलेला आणि विजेने सुटणारा हवा. इथे तसाच आहे. हाताने ओढायचा पट्ट्याचा ब्रेक एवढीच सोय असलेले पाळणे अजून फिरतात. त्यात ऑपरेटरचं मनगट हीच एकमेव खात्री, म्हणून ते टाळावेत.

वेगाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे लोक स्वतःच चूक करतात. पोरं ओरडतात, ऑपरेटर वेग वाढवतो. डब्याची पिन चाकाच्या मध्यापासून 7 मीटरवर धरा. एक फेरा 10 सेकंदांत होत असेल तर 60 किलोच्या माणसाचा भार तळाला 77 किलोएवढा होतो आणि माथ्यावर 43. तोच फेरा 6 सेकंदांत आला तर तळाला 107 आणि माथ्यावर जेमतेम 13. वेग पावणेदोन पट होत नाही तोच फिरण्यामुळे येणारा जादा भार पावणेतीन पट होतो. तो प्रत्येक पिनेवर, आऱ्यावर, स्लीपरवर येतो, आणि माथ्यावर हलकं झालेलं लेकरू आडव्या दांड्याखालून निसटू शकतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. फेरा 8 सेकंदांपेक्षा कमी वेळात होत असेल तर तिकीट काढू नका. हा पाळणा इतर माळांना 9-10 सेकंदांवर होता. अष्टमीच्या गर्दीत 7 वर आलेला दिसला, तेव्हा रांगेतून बाहेर पडणं शहाणपणाचं होतं.

भरतीचंही तसंच. 1 नंबरचा डबा भरला की पुढचा 9, मग 5, मग 13, असं समोरासमोर भरत जायचं. पहिल्या काही माळा हे शिस्तीत चाललं. अष्टमीला मात्र डबा समोर आला की भर, असं सलग भरणं सुरू झालं. मोटरचा आवाज चढताना कण्हल्यासारखा आणि उतरताना मोकळा, असा आलटून पालटून येत असेल तर भरती बिघडलेली आहे.

विजेचं काम मध्यम. जनरेटरला दोन वेगळे अर्थिंग, पॅनलवर गळती पकडणारा ईएलसीबी, हे बरोबर. पण केबलचा एक जोड टेप गुंडाळून थेट गवतात ठेवलेला होता. तो खोक्यात घालून जमिनीच्या वर टांगायला हवा होता. लोखंडी कुंपणाला पावसात हात लावू नका, ही सूचना सगळ्याच आनंदनगऱ्यांना लागू आहे.

पाचव्या माळेच्या रात्री जोराचा पाऊस आला. वारा सुटताच पाळणा थांबवून डबे रिकामे केले, हे चांगलं झालं. ईएन 13814 या युरोपीय मानकात चालू खेळण्याची रचना सेकंदाला 15 मीटर, म्हणजे तासाला 54 किलोमीटर वाऱ्यापर्यंत धरतात. आपल्याकडे बहुतेक मैदानांत वारा मोजायचं यंत्र नसतं, त्यामुळे झाडाच्या मोठ्या फांद्या हलायला लागल्या की थांबवणं हाच मार्ग. सकाळी नळी लावून पुन्हा पातळी बघितली, चर साफ केले. मुरमाची बैठक हलली नव्हती.

कोलंबसची गोष्ट मात्र वेगळी झाली. होडी दोन्ही बाजूंना 60 अंशांपर्यंत जाते तेव्हा तळातून जाताना दांड्यांवर तिच्या वजनाच्या दुप्पट ओढ येते. 75 अंशांपर्यंत नेली तर अडीचपट. ती ओढ एकदा पुढच्या पायांवर, एकदा मागच्या. म्हणजे प्रत्येक झोक्याला एक बाजू दाबली जाते आणि दुसरी उचलली जाते. ओल्या काळ्या मातीवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो: स्लीपरच्या कडेने पातळ चिखल पिचकारीसारखा बाहेर येतो आणि दरवेळी स्लीपरखालची थोडी माती कमी होते. कोलंबसखाली मुरूम टाकलेलाच नव्हता. पावसानंतर दुसऱ्या दिवशी मागचा पाय झोक्याबरोबर बोटभर खाली-वर होत होता, तरी खेळणं सुरू होतं. हे चूक आहे, आणि या परीक्षणातला सगळ्यात गंभीर आक्षेप हाच.

दुसरी अडचण त्याच्या चाकाची. होडीला ढकलतो तो खाली बसवलेला रबरी टायर, आणि थांबवतोही तोच, घासून. टायर आणि होडीचा तळ ओला असला की दोन्ही कामं बिघडतात. कोरड्यात तीन-चार झोक्यांत थांबणारी होडी पावसानंतर बराच वेळ झुलत राहते, आणि उतरायची घाई झालेली माणसं झुलत्या होडीतच उभी राहतात. टायरवर कोरडं फडकं फिरवून दोन-तीन रिकामे झोके काढले तर प्रश्न सुटतो. तेवढा वेळ द्यायची तयारी मालकाने दाखवली नाही.

ब्रेक डान्स सगळ्यात नीट बसवलेलं खेळणं. फिरती तबकडी पातळीत आहे की नाही हे पॅनलवरच्या अँपिअरच्या काट्यावरून कळतं. तबकडी तिरकी असेल तर प्रत्येक फेऱ्याला काटा एकदा वर आणि एकदा खाली जातो, कारण चढाला मोटर जास्त करंट ओढते. इथे काटा जवळपास स्थिर होता. पावसानंतर तो थोडा हलायला लागला, तेव्हा खेळ बंद ठेवून दोन जॅक लावून तबकडी उचलली आणि पट्ट्या घातल्या. अशी देखभाल कौतुकाला पात्र आहे. कपाचा आडवा दांडा खटका वाजेपर्यंत लावा आणि स्वतः एकदा वर ओढून बघा. ओढणी, पदर, केस बांधून घ्या.

टोराटोरा जुनं आहे, पण हातांच्या वेल्डिंगला नवे तडे नाहीत. तडा असला की रंगावर गंजाची बारीक तांबूस रेघ उतरते, तीच शोधायची. एका पाइपमधून तेल पाझरत होतं, खाली वाळू पसरली होती.

ड्रॅगन ट्रेनला लोक किरकोळ समजतात, म्हणून उभारणीत शेवटचा गडी आणि उरलेले ठोकळे तिच्या वाट्याला येतात. रुळाचे तुकडे पट्टी आणि बोल्टांनी जोडलेले असतात. जोडावरून बोट फिरवा. नख अडकलं तर एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली बसलेला आहे. चाक तिथे रोज शेकडो वेळा आपटतं आणि बोल्ट ढिले होतात. इथे वळणावरच्या दोन जोडांना नख अडकत होतं. डब्याला रुळाच्या खालच्या अंगाने धरणारी छोटी चाकं असावीत, म्हणजे डबा उडून बाहेर जात नाही. ती सगळ्या डब्यांना आहेत. वळणाखालचे ठोकळे बदलून बोल्ट कसले तर ही गाडी चांगली आहे, तोवर नाही.

कागदांविषयी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचं योग्यता प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकांचं प्रमाणपत्र, अग्निशमन दलाची ना हरकत आणि पोलीस परवाना हे कागद सहसा लागतात. तिकीट खिडकीवर सरळ विचारा, "मिस्त्री, फिटनेसचा कागद बघायला मिळंल का?" तारीख बघा आणि गावही बघा. मागच्या मुक्कामाचा कागद या मुक्कामाला चालत नाही, कारण खेळणं उतरवून पुन्हा जोडलेलं असतं. अहमदाबादच्या कांकरियात 14 जुलै 2019 ला झोक्याचं खेळणं चालू असताना तुटून 2 जणांचा जीव गेला. मोहालीच्या मेळ्यात 4 सप्टेंबर 2022 ला माणसं बसलेलं उंच खेळणं वरून खाली आदळलं. आपल्या लेकरांना बसवण्याआधी एक कागद मागायला संकोच कशाला?

जायची वेळ: सुट्टीचा दिवस आणि अष्टमी सोडून, दिवे लागायच्या थोडं आधी. उजेडात पिना दिसतात आणि ऑपरेटरला घाई नसते.

नवरात्र उरकलं की असे संच पुढच्या यात्रांकडे वळतात. डिसेंबर-जानेवारीत लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा, महाशिवरात्रीला लातूरचा सिद्धेश्वर, परळी, औंढा, मग पैठणची नाथषष्ठी. तिथे जमीन वाळलेली असते आणि अडचण उलटी होते. धुळीसाठी टँकर पाणी मारतो, ते पाणी भेगांतून एकाच पायाखाली जातं, तेवढी माती फुगते आणि पाळणा तिरका होतो. टँकरवाल्याला पाणी पायांपासून निदान 10 फूट लांब ठेवायला सांगावं, भेगा मुरमाने बुजवून मगच स्लीपर टाकावेत आणि कोरड्यातही नळी रोज सकाळी लावावी.